‘धंद्यात हे चालायचंच’ या श्रद्धेची चिकित्सा

महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला. नरबळी, अघोरी प्रथा, भूत उतरवण्याच्या नावाखाली होणारी मारहाण यांना त्याने गुन्हा ठरवले, आणि ते योग्यच झाले. परंतु एक श्रद्धा कोणत्याही कायद्याच्या कलमात बसत नाही. ती अशिक्षितांपेक्षा सुशिक्षितांत अधिक घट्ट रुजलेली आहे आणि तिची चिकित्सा करावी असे फारसे कोणाला वाटत नाही. ‘धंद्यात हे चालायचंच’ ही ती श्रद्धा.

ही श्रद्धा बाळगणारा माणूस दुष्ट नसतो. तो मुलांना खोटे बोलू नका असे मनापासून सांगतो, दिवाळीत वहीपूजन करतो, शेजाऱ्याच्या अडचणीला धावून जातो. तोच माणूस पक्के बिल मागणाऱ्या गिऱ्हाइकाला जास्त दर सांगतो, मजुराच्या हजेरीतला अर्धा दिवस कापतो, तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यासाठी पाकीट तयार ठेवतो. ‘हे का?’ असे विचारले तर उत्तर मिळते, ‘धंदा म्हटला की असं असतंच.’ या उत्तरात पुरावा नाही, हिशेब नाही, तर्क नाही. थोरल्यांकडून ऐकलेले धाकट्यांना ऐकवायचे आणि शंका घेणाऱ्याला अव्यवहारी म्हणून बाजूला सारायचे, एवढाच त्याचा आधार. अंधश्रद्धेची आणखी वेगळी लक्षणे कोणती असतात?

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. व्यवसायातले नैतिक निर्णय केवळ संस्कारांच्या भरवशावर सोडता येत नाहीत. हिशेबशास्त्र, कायदा किंवा अभियांत्रिकी शिकावी लागते, तसेच हेही शिकावे लागते. तो अभ्यास आपण करत नाही आणि त्याची किंमत बहुधा अशा माणसांना मोजावी लागते, ज्यांना निर्णयाच्या खोलीत कधी बोलावलेलेच नसते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: ‘अभ्यास कशाला? माणूस चांगला असला की निर्णय चांगले होतात. चांगली माणसे नेमा म्हणजे झाले.’ हा आक्षेप सत्यम कॉम्प्युटर्सच्या प्रकरणाशी ताडून पाहू. देशातल्या अग्रगण्य सॉफ्टवेअर कंपन्यांत तिची गणना होत होती. तिच्या संचालक मंडळावर हार्वर्ड बिझनेस स्कूलचे एक प्राध्यापक होते, हैदराबादच्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेसचे अधिष्ठाता होते. हिशेब तपासणारी संस्था जागतिक नावाची होती. उत्तम कंपनी-कारभारासाठीचा गोल्डन पीकॉक पुरस्कार कंपनीला २००८ सालीच मिळाला होता. त्याच वर्षी १६ डिसेंबरला या मंडळाने अध्यक्षांच्याच कुटुंबीयांशी संबंधित दोन कंपन्या सुमारे १६० कोटी डॉलरना विकत घेण्याचा ठराव एकमताने मंजूर केला. गुंतवणूकदार खवळले आणि काही तासांतच तो मागे घ्यावा लागला. पुढे ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबुली दिली की ताळेबंदात दाखवलेली ५,०४० कोटी रुपयांची रोकड व बँकशिल्लक अस्तित्वातच नाही. २०१५ साली हैदराबादच्या विशेष न्यायालयाने त्यांना व इतरांना दोषी ठरवले.

यातून शिक्षण व्यर्थ असते असा निष्कर्ष काढणे आळशीपणाचे होईल. निष्कर्ष वेगळा आहे. त्या मंडळावरचे विद्वान चोर नव्हते. १६ डिसेंबरचा ठराव त्यांच्या समोर उघड होता, त्यातला हितसंबंधांचा संघर्ष कागदावर लिहिलेला होता, तरीही त्यांनी हात वर केले. तो ठराव रोखला तो ज्यांचे पैसे जाणार होते त्यांनी. पदवी, प्रतिष्ठा आणि सज्जनपणा या तिन्ही गोष्टी खोलीत हजर असूनही योग्य प्रश्न लावून धरण्याचे काम कोणी केले नाही. चांगली माणसे असणे आणि चांगला निर्णय होणे यांत अंतर असते, आणि त्या अंतराचाच अभ्यास करायचा असतो.

हे अंतर आपण आजवर कर्मकांडाने भरत आलो आहोत. दाभोळच्या वीजप्रकल्पामुळे महाराष्ट्राला ज्या एन्रॉनची ओळख झाली, त्या कंपनीची आचारसंहिता २००० साली चौसष्ट पानांची होती. डिसेंबर २००१ मध्ये खोट्या हिशेबांच्या ओझ्याखाली तीच कंपनी दिवाळखोरीत गेली. आचारसंहिता वाईट नव्हती. ती पोथीसारखी होती: कपाटात ठेवायची, वर्षातून एकदा सही करून तिला नमस्कार करायचा. आपल्याकडेही कंपन्या कर्मचाऱ्यांकडून सचोटीची शपथ घेववतात, भिंतीवर मूल्यांची पाटी लावतात, आणि त्याच भिंतीला टेकून महिन्याअखेरचे अशक्य लक्ष्य कोणत्याही मार्गाने गाठायला सांगतात.

दानाचेही तसेच झाले आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. शाळा बांधल्या जातात, दवाखाने उभे राहतात आणि त्यांची गरजही आहे. परंतु दोन टक्के कुठे गेले हे वार्षिक अहवालात रंगीत छायाचित्रांसह छापून येते. अठ्ठ्याण्णव टक्के कसे आले, हे सांगायला एवढी जागा कोणी देत नाही. पाप करून देवळाला पायऱ्या बांधून देणाऱ्या सावकाराला आपल्या सुधारकांनी जो प्रश्न विचारला, तोच आज ताळेबंदाला विचारायला हवा. दानाने कमाईचा मार्ग शुद्ध होत नाही. नीतीची कसोटी खर्चाच्या रकान्यात लागत नाही, ती कमाईच्या रकान्यात लागते.

मग चांगली माणसे चुकतात कुठे? या प्रश्नावर गेल्या काही दशकांत गंभीर काम झाले आहे. अमेरिकेत डेनिस जिओया नावाचे एक गृहस्थ १९७० च्या दशकात फोर्ड कंपनीत होते. विकलेल्या गाड्यांत दोष आढळला तर त्या परत मागवायच्या की नाही, हे पाहणाऱ्या विभागाचे काम त्यांच्याकडे होते. विद्यार्थिदशेत ते उद्योगांच्या बेजबाबदारपणाचे कडक टीकाकार होते. फोर्डच्या पिंटो गाडीला मागून धडक बसली की इंधनाची टाकी फुटून आग लागते, असे अहवाल त्यांच्या टेबलावर आले. त्यांच्या विभागाने गाडी परत मागवण्याविरुद्ध मत दिले आणि जिओयांचे मतही त्यातच होते. ती गाडी ते स्वतः वापरत होते. शेवटी १९७८ साली सुमारे पंधरा लाख गाड्या परत मागवल्या गेल्या, पण तोवर माणसे जळून मेली होती. जिओया पुढे व्यवस्थापनाचे प्राध्यापक झाले आणि १९९२ साली त्यांनी आपल्याच त्या मताची चिरफाड करणारा लेख प्रसिद्ध केला. त्यांच्या विश्लेषणाचे सार अस्वस्थ करणारे आहे. नीतीचा विचार करून त्यांनी तो बाजूला सारला, असे घडलेच नव्हते. रोजच्या शेकडो अहवालांत हा एक अहवाल होता, ठरलेल्या निकषांत तो बसत नव्हता, म्हणून फाइल पुढे गेली. हा नीतीचा प्रश्न आहे हेच त्या क्षणी जाणवले नव्हते.

जेम्स रेस्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने नैतिक वर्तनाच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत. समोरचा प्रश्न नैतिक आहे हे ओळखणे, ही पहिली. योग्य काय ते ठरवणे, ही दुसरी. इतर सर्व लाभांपेक्षा त्या योग्य गोष्टीला वरचे स्थान देणे, ही तिसरी. आणि अडथळे आले तरी ती तडीस नेणे, ही चौथी. आपले सगळे संस्कार, सगळ्या बोधकथा, सगळी कीर्तने प्रामुख्याने दुसऱ्या पायरीवर खर्च होतात. खोटे बोलणे वाईट हे सर्वांनाच ठाऊक आहे. माणूस पडतो तो बहुतेक वेळा पहिल्या पायरीवर, कारण प्रश्न त्याच्यासमोर नीतीचा वेष घालून येत नाही. तो खर्चाचा, मुदतीचा, लक्ष्याचा, वरून आलेल्या आदेशाचा वेष घालून येतो.

मुदतीचा दाब माणसाचे काय करतो, हे १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने दाखवले. प्रिन्स्टन येथे धर्मोपदेशक होण्याचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत भाषण द्यायला पाठवले गेले. वाटेत एक माणूस विव्हळत पडलेला होता. वेळ हाताशी असलेल्यांपैकी ६३ टक्के विद्यार्थी मदतीला थांबले. उशीर झाला आहे असे ज्यांना सांगितले होते, त्यांच्यापैकी केवळ १० टक्के थांबले. यातल्या काहींच्या भाषणाचा विषयच वाटेवर जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या माणसाची बायबलमधली गोष्ट हा होता. त्या विषयाने फारसा फरक पडला नाही. धर्मग्रंथ तोंडपाठ असणे आणि धर्माने वागणे यांत घड्याळाचा काटा आडवा येऊ शकतो, हे ज्याला कळले तो मालक आपल्या कामगारांना प्रवचन ऐकवण्याआधी कामाच्या मुदती तपासेल.

आता अमेरिका सोडू आणि आपल्या उसाच्या फडात येऊ, कारण परक्यांची पापे मोजणे नेहमीच सोपे असते.

२०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गाजली. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. पाहणीतल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे जवळपास सहांत एक. त्याच दशकातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण ३.२ टक्के होते. हे आकडे अंगावर येतात, पण त्यांच्यावर हळहळून थांबणे हा त्या स्त्रियांचा अपमान आहे. प्रश्न विचारायला हवा तो असा: हा निर्णय कोणी घेतला?

साखळी पाहा. हंगामाआधी मुकादम गावात येऊन जोडप्याला उचल देतो. नवरा-बायको मिळून हिशेबात एक कोयता. बाईच्या नावावर वेगळी मजुरी नाही. ऊस किती टन तोडला त्यावर उचल फिटत जाते. एका दिवसाची गैरहजेरी झाली की खाडा पडतो, म्हणजे मजुरी जाते आणि वर दंड बसतो. फडाशेजारच्या कोपीत राहायचे, पहाटेच्या अंधारात तोडीला लागायचे, मोळ्या डोक्यावर वाहून ट्रॉली भरायची. शौचालय नाही, पाण्याची शाश्वती नाही. पाळीच्या दिवसांतही विश्रांती नाही आणि बाळंतपणानंतरही नाही. अंगावर काढलेले दुखणे वाढते. हंगाम संपल्यावर गावाकडच्या खासगी दवाखान्यात गेले की सांगितले जाते, पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. पुढच्या हंगामात खाडा पडू नये ही भीती त्या सल्ल्याला बळ देते. शस्त्रक्रियेचे पैसे पुन्हा उचलीतून. कर्ज वाढते, आणि कर्ज वाढले की पुढच्या वर्षी फडावर येणे चुकत नाही.

आता प्रत्येकाला विचारा. शेतकरी सभासद म्हणेल, ऊस वेळेवर तुटला नाही तर वजन घटते, मी काय करू? कारखान्याचा शेतकी विभाग म्हणेल, रोजचे गाळप बंद पडून चालत नाही, आणि हे कामगार आमचे नाहीतच, ते मुकादमाचे आहेत. मुकादम म्हणेल, लाखोंची उचल माझ्या नावावर आहे, टोळी पळाली तर घरदार विकावे लागेल. नवरा म्हणेल, खाडा पडला तर खाणार काय? डॉक्टर म्हणेल, बाई पुन्हा तपासणीला येणार नाही, एकदाच काय ते उरकलेले बरे. प्रत्येकाचे कारण त्याच्या जागेवरून रास्त दिसते. या सगळ्या रास्त कारणांची बेरीज मात्र तिशीही न ओलांडलेल्या बाईच्या पोटावरच्या टाक्यांत होते. ‘हे योग्य आहे का?’ हा प्रश्न कोणाच्याच टेबलावर येत नाही, कारण साखळीच अशी बांधली आहे की तो वाटेतच गळून पडावा.

कारखान्याचा बचाव इथे तपासलाच पाहिजे. तोडणीचा कार्यक्रम कारखाना ठरवतो. कोणत्या फडात कधी कोयता घालायचा हे सांगणारा चिटबॉय कारखान्याचा असतो. तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या ऊसबिलातून कारखानाच कापून घेतो. उसाच्या प्रत्येक गाडीचे वजन, उतारा, वेळ यांची नोंद त्याच्या संगणकात असते. एवढे सगळे ज्याच्या हातात आहे, तो तोडणाऱ्या बाईच्या बाबतीत मात्र ‘आमचा संबंध नाही’ म्हणतो. जबाबदारी कागदावर दुसऱ्याच्या नावे केल्याने ती नष्ट होत नाही. ज्याच्याकडे व्यवस्था बदलण्याची ताकद आहे आणि त्या व्यवस्थेचा लाभ आहे, जबाबदारीही त्याचीच. मुकादम हा मधला माणूस आहे. तो मधे ठेवला गेला आहे, हासुद्धा एक व्यावसायिक निर्णयच आहे.

अन्याय एका राक्षसाने केलेला नसून अनेक हातांतून पुरा होतो, हे ओळखण्यासाठी आपल्याला परदेशी पाठ्यपुस्तकाची गरज नव्हती. जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्ये सावकार, कुळकर्णी, भट, कचेरी, गोरा अंमलदार अशी कडीन् कडी उलगडून शेतकऱ्याच्या दैन्याचा हिशेब मांडला. हे विसरू नये की फुले स्वतः व्यावसायिक होते. पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीचे ते भागीदार होते आणि खडकवासल्याच्या धरणाच्या कामाशी संबंधित ठेकेदारी त्यांनी केली. धंदा आणि सत्यशोधन एकाच माणसात नांदू शकतात, याचा पुरावा महाराष्ट्राच्या घरातलाच आहे. फुल्यांची जयंती साजरी करणाऱ्या कारखान्यांनी त्यांची पद्धत उचलावी. हार घालणे सोपे आहे. कडीन् कडी तपासणे कठीण आहे.

दुसरा आक्षेप स्पर्धेचा. ‘मी एकट्याने नीती पाळली तर शेजारचा माल स्वस्त विकेल आणि मी बुडेन.’ हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. प्रामाणिक लहान व्यावसायिकाची ती खरी भीती आहे. पण तिचे उत्तर अनीती हे नाही. जिथे एकट्याला परवडत नाही तिथे नियम सर्वांना सारखा लागू करावा लागतो. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित करून साप्ताहिक सुट्टीची मागणी लावून धरली आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी पदरात पडली. ती एका गिरणीपुरती नव्हती, म्हणूनच कोणी एक मालक तिच्यामुळे स्पर्धेत मागे पडला नाही. मुंबईच्या गिरण्या त्यानंतरही कित्येक दशके चालल्या, वाढल्या. ज्या व्यावसायिकाला खरोखर वाटते की नीतीमुळे आपण मागे पडू, त्याने कडक आणि समान नियमाची मागणी सर्वांत आधी करायला हवी. तो जर नियमालाच विरोध करत असेल, तर स्पर्धेची भीती हे त्याचे कारण नाही. ते त्याचे निमित्त आहे.

शिवाय ‘परवडत नाही’ हे विधान हिशेबाचे आहे, म्हणून त्याचा हिशेब मांडला गेला पाहिजे. फडावर फिरती शौचालये, पिण्याचे पाणी, महिन्यातून दोन-तीन दिवस खाडा न लावता विश्रांती, हंगामात दोनदा आरोग्य तपासणी: या सगळ्याने टनामागे किती रुपये वाढतील? ज्या कारखान्याला उताऱ्यातला दशांश फरक कळतो, त्याला हे गणित अवघड नाही. ते मांडलेले नसताना ‘परवडत नाही’ म्हणणे ही पुन्हा श्रद्धाच झाली.

तिसरा आक्षेप: ‘कायदा आहे ना, मग नीतीचा अभ्यास कशाला?’ कायदा हवाच. त्याच्याशिवाय नीती ही बलवानाच्या मर्जीवर राहते. पण एकट्या कायद्याची मर्यादा इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांच्या अभ्यासाने नेमकी दाखवली. तो २००० साली प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला पालक उशिरा येत, म्हणून काही पाळणाघरांनी दंड सुरू केला. उशीर कमी होण्याऐवजी सुमारे दुपटीने वाढला. आधी पालकांना शिक्षिकेला ताटकळत ठेवल्याचा संकोच वाटे. दंड लागल्यावर तो उशिराचा दर झाला. पुढे दंड रद्द केला तरी तो संकोच परतला नाही. आपल्याकडे दंडाची रक्कम अंदाजपत्रकात आधीच धरून ठेवणारे उद्योग अशाच विचाराने चालतात. जिथे दंड परवडतो तिथे गुन्हा हा खर्चाचा एक प्रकार होतो. कायद्यामागे विवेक उभा नसेल तर कायदा केवळ दरपत्रक उरतो.

चौथा आक्षेप सर्वांत जड आहे: ‘नोकरदाराने काय करायचे? त्याला पोट आहे, मुले आहेत.’ शण्मुगम मंजुनाथ हा लखनौच्या आयआयएममध्ये शिकलेला तरुण इंडियन ऑइलमध्ये विक्री अधिकारी होता. भेसळ करणाऱ्या पेट्रोलपंपावर त्याने कारवाई केली म्हणून १९ नोव्हेंबर २००५ रोजी उत्तर प्रदेशातल्या लखीमपूर खीरी जिल्ह्यात त्याला गोळ्या घालण्यात आल्या. तो सत्तावीस वर्षांचा होता. दिनेश ठाकूर यांनी रॅनबॅक्सीतला औषध-चाचण्यांचा खोटेपणा उघड केला; त्या कंपनीने २०१३ साली अमेरिकी न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि ५० कोटी डॉलर भरले. परंतु तक्रारीपासून त्या दिवसापर्यंत ठाकूर यांना कित्येक वर्षे झगडावे लागले.

या माणसांपुढे आपण नतमस्तक व्हावे, आणि त्याच वेळी स्पष्ट म्हणावे की अशा बलिदानावर समाज चालवणे अनैतिक आहे. पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळू नये एवढ्या साध्या गोष्टीसाठी जिथे हुतात्मा लागतो, तिथे इतर सर्वांनी आपले काम सोडून दिलेले असते. सामान्य माणसाच्या सामान्य धैर्याने योग्य गोष्ट करता यावी, अशी रचना उभी करणे हे नीतीच्या अभ्यासाचे खरे ध्येय आहे. कंपनी कायद्याच्या कलम १७७ ने शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या कंपन्यांना तक्रारीची सुरक्षित वाट ठेवणे बंधनकारक केले आहे. ती वाट खरोखर चालू आहे का, हे भागधारकांनी विचारायला हवे. सरकारी भ्रष्टाचार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०१४ साली केला, राष्ट्रपतींची संमतीही मिळाली. पण वर्षांमागून वर्षे गेली तरी तो अमलात आणणारी अधिसूचना निघाली नाही. मंजुनाथच्या नावाने अश्रू ढाळणाऱ्या देशाने याचे उत्तर द्यायला हवे.

इथे एक न्याय्य शंका उरते: ‘नीतीचे हे संशोधन तरी विश्वासार्ह आहे का?’ ती घ्यावीच. फॉर्मच्या शेवटी सही करण्याऐवजी सुरुवातीला केली तर लोक अधिक खरे लिहितात, असे सांगणारा एक निबंध २०१२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आला आणि जगभर गाजला. पुढे स्वतंत्र संशोधकांनी त्यातल्या एका प्रयोगाची आकडेवारी बनावट असल्याचे दाखवले आणि २०२१ साली तो मागे घेतला गेला. प्रामाणिकपणावरचे संशोधनच अप्रामाणिक निघाले. यावरून सारे शास्त्र टाकून द्यायचे का? उलट फरक नीट पाहा: शास्त्राने आपली लबाडी स्वतःच्या पद्धतीने पकडली, जाहीर केली आणि निबंध मागे घेतला. ‘धंद्यात हे चालायचंच’ या श्रद्धेने आपली एक तरी चूक कधी मागे घेतली आहे? मला कोणत्याही प्राध्यापकावर अंधविश्वास ठेवायला सांगायचे नाही. पुराव्याने पटेल ते घ्यावे, पुराव्याने मोडेल ते सोडावे, एवढेच मागणे आहे.

मग हा अभ्यास कसा असावा? वाणिज्य आणि व्यवस्थापनाच्या महाविद्यालयांत मूल्यशिक्षणाची एक गुळगुळीत पुस्तिका आणि वीस गुणांचा प्रश्न, असा नक्कीच नसावा. विद्यार्थ्यांसमोर सत्यमच्या त्या बैठकीचे कागद ठेवावेत आणि विचारावे: तू संचालक असतास तर कोणत्या वाक्यावर थांबला असतास, कोणाला काय विचारले असतेस? बीडच्या साखळीतली प्रत्येक कडी एकेका विद्यार्थ्याला द्यावी आणि तिथून काय दिसते, काय दिसत नाही, हे लिहायला लावावे. चार प्रश्नांची सवय हाडीमाशी रुजवावी. या निर्णयाची किंमत कोण मोजणार आहे? तो या खोलीत आहे का? त्याच्या समोर बसून मी हा निर्णय याच शब्दांत समजावून सांगू शकेन का? आणि चूक होते आहे असे दिसले, तर ती थांबवण्याचा अधिकार नेमका कोणाकडे आहे? जिथे चौथ्या प्रश्नाला उत्तर नाही, तिथे पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे कितीही सुंदर असली तरी उपयोग नाही.

हा अभ्यास महाविद्यालयापुरता मर्यादित राहिला तर तोही कर्मकांड होईल. व्यापारी संघटना, बांधकाम व्यावसायिकांच्या संस्था, सनदी लेखापालांच्या शाखा, पतसंस्था यांनी आपापल्या क्षेत्रातले फसलेले निर्णय नावे न घेता का होईना, पण खुलेपणाने चर्चेला घ्यावेत. पुलाचा अपघात झाला की अभियंते कारण शोधतात. विश्वासाचा अपघात झाला की आपण एखाद्याला शिव्या देऊन मोकळे होतो. शिव्या देऊन पुढचा अपघात टळत नाही.

आणि सहकाराची जबाबदारी सर्वांत मोठी आहे. १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा केला, तो शेतकऱ्याला दुसऱ्याच्या हातातले हत्यार होण्यापासून सोडवण्यासाठी. ज्या शेतकऱ्याला सावकाराच्या वहीचा जाच ठाऊक आहे, त्याच्याच कारखान्याच्या दारात उचलीची वही चालू राहावी, हे सहकाराच्या मूळ हेतूशी उघड विसंगत आहे. सहकारी कारखान्याचे मालक दूरच्या शहरातले अनोळखी भागधारक नाहीत. ते आपणच आहोत. आपले वडील, चुलते, मेहुणे आहेत. दरवर्षी वार्षिक सर्वसाधारण सभा होते, तिची विषयपत्रिका घरी येते, सभासदाला प्रश्न विचारण्याचा हक्क आहे. त्या सभेत उसाच्या दरावर तासन्‌तास वाद होतो आणि तो व्हावाच. पण त्याच सभेत एखाद्या सभासदाने उठून विचारावे: आपला ऊस तोडणाऱ्या बायांची नोंद कारखान्याकडे आहे का? त्यांच्याशी लेखी करार आहे का? खाडा बंद करायला टनामागे किती खर्च येईल, आणि तो ठरावाला मांडायला अध्यक्ष तयार आहेत का? उत्तर तोंडी न घेता इतिवृत्तात लिहून घ्यावे, आणि पुढच्या वर्षी तेच इतिवृत्त हातात धरून पुन्हा उभे राहावे.

एका प्रश्नाने व्यवस्था बदलत नाही, हे खरे. पण ज्या अन्यायाचा टिकाव ‘कोणीच विचारत नाही’ यावर आहे, त्याला इतिवृत्तात नोंदवलेला प्रश्न सोसवत नाही. ‘धंद्यात हे चालायचंच’ असे म्हणणाऱ्याला यापुढे एवढेच विचारावे: कोणाच्या जिवावर, आणि कोणाच्या संमतीने? ज्याला या दोन्हींची उत्तरे देता येतील त्याने धंदा खुशाल वाढवावा. ज्याला देता येत नाहीत, त्याचा नफा त्याने कमावलेला नाही. तो दुसऱ्या कोणाकडून तरी घेतलेला आहे, आणि तो परत मागण्याचा अधिकार आपल्या सर्वांना आहे.